मजूर शोधण्याचे काम कोणाचे?

हिमाचल प्रदेशातील सफरचंदाचा हंगाम जुलैमध्ये कमी उंचीवरच्या बागांत सुरू होतो आणि डोंगर चढत चढत ऑक्टोबरच्या सुमारास किन्नौरमध्ये संपत येतो. या काळात उत्तर भारतातील वृत्तपत्रांत दोन बातम्या न चुकता येतात. यंदा किती पेट्या निघतील ही एक, आणि मजूर मिळत नाहीत ही दुसरी. पहिल्या बातमीला फलोत्पादन खाते आकडे पुरवते. दुसरीला आकडे पुरवणारे कोणीच नसते. तोडणीला किती माणसे लागतात, किती आली, कोठून आली, किती दिवस राहिली आणि जाताना त्यांच्या हाती काय पडले, या प्रश्नांची उत्तरे एकत्र देऊ शकेल असे एकही कार्यालय माझ्या पाहण्यात आलेले नाही. ज्या टंचाईची दरवर्षी चर्चा होते तिची मोजदादच होत नसेल, तर ती टंचाई नेमकी कशाची आहे हे आधी विचारायला हवे.

निवृत्तीनंतर मी चंडीगडच्या सेक्टर ४३ मध्ये राहतो. शहराच्या दोन आंतरराज्य बसस्थानकांपैकी एक येथे आहे, आणि हिमाचलकडे जाणाऱ्या गाड्या येथूनच सुटतात. पावसाळा तोंडावर आला की रोहडू, रामपूर, रिकांगपिओच्या रात्रीच्या गाड्यांजवळ आठ-दहा जणांच्या टोळ्या बसलेल्या दिसू लागतात. कोणी नेपाळच्या पश्चिम भागातले, कोणी झारखंडचे, कोणी बिहारचे. टोळीत एकाच्याच हातातला फोन सतत वाजत असतो. बागेचा पत्ता, मालकाचे नाव आणि ठरलेला दर त्याला माहीत असतो. उरलेल्यांना फक्त तो माहीत असतो. मधूनच एखादा बागवान गाडी घेऊन येतो, जागेवरच चार पैसे जास्त बोलतो आणि दुसऱ्याने बोलावलेली टोळी घेऊन निघून जातो. जिल्हा न्यायालयाची इमारतही याच सेक्टरमध्ये आहे. बुडालेल्या मजुरीसाठी परतीच्या वाटेवर यांतील कोणी त्या इमारतीकडे वळल्याचे मी ऐकलेले नाही.

काम पाहिले तर ते अकुशल नाही. सफरचंद ओढून तोडता येत नाही. ते हाताने वर उचलून, किंचित फिरवून, देठासह उतरवावे लागते. देठ निघाला तर फळाची प्रत घसरते, आणि फांदीवरची फळखुंटी मोडली तर पुढच्या वर्षांचे फळही जाते. मग भरलेला किल्टा, म्हणजे पाठीवरची निमुळती टोपली, घेऊन उतारावरून पायवाटेने रस्त्यापर्यंत न्यायचा, फळाची प्रतवारी करायची, पेट्या भरायच्या, ट्रकवर चढवायच्या. या उतारांवर तोडणीचे यंत्र चालत नाही. फळ झाडावर फार दिवस थांबतही नाही. एका बागेला खरी गरज पंधरा-वीस दिवसांचीच असते, पण त्या पंधरा-वीस दिवसांवर बागवानाचे सारे वर्ष अवलंबून असते. त्याची अस्वस्थता मला समजते. तिला कांगावा म्हणणारे लोक डोंगरात राहिलेले नसतात.

या फळाचा इतिहासही मजुरीच्या प्रश्नापासून वेगळा काढता येत नाही. फिलाडेल्फियाहून १९०४ मध्ये भारतात आलेले सॅम्युअल स्टोक्स यांनी १९१६ च्या सुमारास कोटगढजवळ अमेरिकन जातीच्या सफरचंदांची लागवड सुरू केली. हिमाचलच्या समृद्धीची कथा सांगताना एवढे सगळेच सांगतात. याच स्टोक्स यांनी त्याच डोंगरांत बेगारीविरुद्ध लढा उभारला, हे मात्र सहसा सांगितले जात नाही. साहेबांचे सामान वाहण्यासाठी गावकऱ्यांना शेतातून उठवून नेले जाई. हंगाम असो वा नसो, नकार देण्याची सोय नव्हती. १९२१ मध्ये कोटगढच्या लोकांनी त्या पद्धतीला आव्हान दिले. त्याच वर्षाच्या अखेरीस असहकार चळवळीत स्टोक्स तुरुंगात गेले. पुढे सत्यानंद हे नाव घेऊन ते याच मातीत राहिले. डोंगरातल्या माणसाच्या पाठीवरचे सक्तीचे ओझे उतरवू पाहणाऱ्याच माणसाने तेथे सफरचंद आणले. आज ते ओझे दुसऱ्या पाठीवर आहे. आता सक्ती नाही, उचल आहे.

त्या पाठींपैकी नेपाळी पाठ कायद्याला जवळजवळ दिसतच नाही. १९५० च्या भारत-नेपाळ करारामुळे नेपाळी माणूस येथे विनापरवाना येऊन राहू शकतो, काम करू शकतो. ही मोठी सोय आहे, पण तिची दुसरी बाजूही आहे. तो एका भारतीय राज्यातून दुसऱ्यात गेलेला नसतो, त्यामुळे ‘आंतरराज्य स्थलांतरित’ या व्याख्येत बसत नाही. आखाती देशांत किंवा मलेशियात जाणाऱ्या आपल्या नागरिकाला नेपाळ सरकार श्रम-परवाना देते आणि त्याची नोंद ठेवते. भारतात येणाऱ्याला परवाना लागत नाही, म्हणून तिकडच्या नोंदवहीतही तो नसतो. महाराष्ट्राच्या वाचकांना हे चित्र परके वाटू नये. रत्नागिरी आणि सिंधुदुर्गच्या हापूसच्या बागांतले राखणदार आणि गडी मोठ्या प्रमाणात नेपाळीच आहेत. कोकणातला आंबा आणि हिमाचलचे सफरचंद या दोन्हींचा भार अशा माणसांवर आहे, ज्यांची गणती ना काठमांडूत होते ना दिल्लीत. तेथल्या तरुणांना आता आखात, मलेशिया, कोरिया, जपान असे पर्याय आहेत. ते तिकडे जाऊ लागले, म्हणून शिमल्याचा बागवान झारखंडकडे वळला. यात कोणाचा आळस नाही. दूरचा मालक जास्त पैसे देतो, एवढाच त्याचा अर्थ.

टाळेबंदीत हे सारे उघडे पडले. १ मे २०२० पासून श्रमिक विशेष गाड्या सुटू लागल्या आणि पंजाब-हरियाणातून लाखो माणसे घरी गेली. महिनाभरातच भाताची लावणी आली. भातशेती म्हणजे फळबाग नव्हे, पण अल्पकाळासाठी पुष्कळ हात लागणे हे दोन्हीकडे सारखेच. पंजाबातील शेतकऱ्यांनी बिहार आणि उत्तर प्रदेशात बसगाड्या पाठवल्या, आगाऊ रकमा दिल्या. हिमाचलनेही नेपाळी मजूर आणू द्यावेत म्हणून केंद्राकडे पाठपुरावा केला. मजुरी वाढणे स्वाभाविक होते. तेव्हा पंजाबातल्या अनेक ग्रामपंचायतींनी ठराव करून लावणीचे एकरी दर गोठवले; जास्त मागणाऱ्या मजुराला, म्हणजे बहुतेक वेळा गावातल्याच दलित कुटुंबांना, बहिष्काराची धमकी दिली. इतिहासाच्या विद्यार्थ्याला येथे चौदाव्या शतकातले इंग्लंड आठवल्यावाचून राहत नाही. प्लेगने माणसे कमी झाली, मजुरी वाढली, आणि १३४९ चा वटहुकूम व १३५१ चा कायदा करून तेथल्या राजाने आणि जमीनदारांच्या संसदेने ती साथीपूर्वीच्या दरावर आणण्याचा खटाटोप केला. तीस वर्षांनी, १३८१ मध्ये, त्याच देशात शेतकऱ्यांचे बंड झाले. पंजाबचे ठराव लवकरच विरले, कारण मजूर परतले. पण मजूर कमी पडले की त्याला शोधण्याऐवजी त्याचे पर्याय कमी करायचे, ही प्रवृत्ती मात्र विरली नाही.

याच प्रवृत्तीची छाया मला डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या ‘व्हीबी-जी राम जी’ या नव्या ग्रामीण रोजगार कायद्यातही दिसते. मनरेगाच्या जागी आणलेल्या या कायद्यात हमीचे दिवस १०० वरून १२५ केले आहेत, हे चांगलेच आहे. त्याचबरोबर पेरणी आणि कापणीच्या ऐन दिवसांत, वर्षातून एकूण ६० दिवस, सरकारी कामे बंद ठेवण्याची तरतूद आहे. मागणी नवी नाही. २०११ मध्ये तत्कालीन कृषिमंत्री शरद पवार यांनी हंगामात रोजगार हमीची कामे थांबवावीत असे सुचवले होते. तेव्हाच्या ग्रामविकास मंत्रालयाने ते मानले नाही. शेतकऱ्याची बाजू घेणाऱ्याला ही तरतूद न्याय्य वाटेल. पण तिने बागेत माणूस येईल का?

हिशेब करून पाहू. मनरेगात एका कुटुंबाला मिळालेले काम गेल्या काही वर्षांत सरासरी ५० दिवसांच्या आसपास होते. उरलेले तीनशेहून अधिक दिवस ते कुटुंब मोकळेच होते. त्या योजनेवर काम करणाऱ्यांत निम्म्याहून अधिक स्त्रिया होत्या. मुलेबाळे, गुरे आणि घर सोडून त्या किन्नौरच्या उतारावर जाणार नव्हत्याच. २०२५-२६ मध्ये मनरेगाचा दर बिहार आणि झारखंडमध्ये दिवसाला २५५ रुपये होता. हजार-बाराशे किलोमीटर दूर जाऊन मिळणाऱ्या मजुरीशी या दराची स्पर्धा असती, तर सेक्टर ४३ च्या बसस्थानकावर कोणी दिसलेच नसते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हे साठ दिवस प्रत्येक राज्याने आपापल्या हंगामाप्रमाणे ठरवायचे आहेत. झारखंड ते भाताप्रमाणे ठरवणार. सफरचंदाचा हंगाम हिमाचलचा आहे, मजूर झारखंडचा आहे. एका राज्यातली कामे बंद ठेवून दुसऱ्या राज्यातल्या बागेला माणूस मिळेल, हे गणित मला तरी सुटत नाही. रोजगार हमीची कल्पना महाराष्ट्राने देशाला दिली, वि. स. पागे यांनी ती मांडली, १९७२ च्या दुष्काळात ती राज्यभर उभी राहिली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. मजुराला नकार देण्याची थोडी ताकद मिळावी, हा तिचा गाभा होता. तीच ताकद साठ दिवसांसाठी काढून घ्यायची असेल, तर त्या बदल्यात शेतकऱ्याला निदान मजूर मिळाला पाहिजे. तोही मिळणार नाही.

मजुराच्या संरक्षणाचे कायदे आहेतच, असे म्हटले जाते. ओडिशातील ‘दादन’ मजुरांच्या हालांतून १९७९ चा आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायदा जन्माला आला. ठेकेदाराला परवाना, मजुराला पासबुक, प्रवासभत्ता, विस्थापनभत्ता, सारे काही त्यात होते. सेवेत असताना मी एका जिल्ह्यात या कायद्याखालची नोंदवही मागवली होती. तीत एका रस्त्याच्या ठेकेदाराची नोंद होती आणि पुढची पाने कोरी होती. त्या वेळी जिल्ह्यातल्या शेतांत परप्रांतीय मजूर हजारोंनी होते. २१ नोव्हेंबर २०२५ पासून हा कायदा व्यवसायजन्य सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहितेत विलीन झाला. नव्या संहितेत स्वतःहून आलेला मजूरही स्थलांतरित मानला जातो, ही सुधारणा आहे. मात्र पूर्वी पाच आंतरराज्य मजूर असले की कायदा लागू होई, आता दहा लागतात, विस्थापनभत्ताही गेला. हिमाचलमधली सरासरी शेतजमीन एक हेक्टरच्या आसपास आहे. अशा बागेत चार-सहा माणसे काम करतात. म्हणजे ज्या बागा मजुरांवर सर्वाधिक अवलंबून आहेत त्यांतल्या बहुतेक कायद्याच्या बाहेर. मळ्यांच्या कायद्यात चहा, कॉफी, रबर आहे. सफरचंदाचे नाव नाही.

हा केवळ आपल्याकडचा पेच नाही, आणि पंजाबला तर तो दोन्ही बाजूंनी माहीत आहे. आपल्या शेतात बिहारी मजूर बोलावणाऱ्या पंजाबची मुले इटलीतल्या भाजीमळ्यांत मजूर आहेत. जून २०२४ मध्ये रोमच्या दक्षिणेकडील लातिना जिल्ह्यात अशाच एका पंजाबी शेतमजुराचा हात यंत्रात तुटला. त्याला रुग्णालयात न नेता राहत्या घराजवळ टाकून देण्यात आले आणि दोन दिवसांनी तो मरण पावला. चंडीगडच्या वृत्तपत्रांनी त्यावर अग्रलेख लिहिले. बरोबरच केले. इटलीत मुकादमीला ‘कापोरालातो’ म्हणतात, आणि २०१६ च्या कायद्याने तेथे मुकादमाबरोबर मालकही गुन्हेगार ठरतो. तरीही हे घडले, याचे कारण कायद्यातल्या शिक्षेपलीकडचे आहे: मजूर कोठून आला, कोणाकडे उतरला, याची खबर मुकादमाशिवाय कोणालाच नव्हती. ब्रिटनने २०१९ मध्ये २,५०० जणांपुरती हंगामी व्हिसाची योजना सुरू केली आणि पुढे ती कित्येक पटींनी वाढवली. तेथे नोंद चोख आहे. पण सहा महिन्यांच्या कामासाठी दलालाला पैसे देऊन आलेले नेपाळी मजूर कर्ज फिटण्याआधीच परतले. नोंद असली आणि प्रवासाचा खर्च मजुराच्याच डोक्यावर राहिला, तरी काम भागत नाही.

येथे मुकादमाविषयी दोन शब्द बोलले पाहिजेत. आपल्या चर्चेत तो केवळ खलनायक असतो. नाशिकच्या निफाड-दिंडोरी पट्ट्यात द्राक्षांची छाटणी, विरळणी, डिपिंग या कामांसाठी पेठ, सुरगाणा आणि डांगमधून येणाऱ्या टोळ्या पाहिल्या, की त्याचे खरे काम लक्षात येते. कोणत्या बागेला कधी किती हात लागतील हे त्याला माहीत असते. कोण कामाचा, कोण कच्चा, हे माहीत असते. पावसाळ्यात घरात दाणा नसताना तोच उचल देतो, आणि कोणतीही बँक ती देत नाही. माहिती, हमी आणि पतपुरवठा ही तीन कामे तो एकटा करतो आणि त्यांची किंमत मजुराच्या मजुरीतून वसूल करतो. त्याला कायद्याने हटवण्याच्या घोषणा अनेकदा झाल्या. ही तीन कामे दुसऱ्या कोणी अंगावर घेतल्याशिवाय तो हटणार नाही.

आणि ती अंगावर घेण्याची एक पद्धत महाराष्ट्रातच पन्नासहून अधिक वर्षे चालू आहे. अण्णासाहेब पाटील यांच्या चळवळीतून १९६९ चा माथाडी कायदा झाला. बाजारातल्या हमालाचा प्रश्न बागेतल्या मजुरासारखाच होता: आज या व्यापाऱ्याकडे, उद्या त्या व्यापाऱ्याकडे, मालक अनेक, म्हणून जबाबदार कोणीच नाही. कायद्याने मालक, कामगार आणि सरकार यांचे त्रिपक्षीय मंडळ मध्ये आणले. मजुराची नोंद मंडळाकडे, मालकाची नोंदही मंडळाकडे. मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळात जमा, आणि भविष्यनिर्वाह निधीपासून रजेपर्यंतचे लाभ मंडळाकडून. एक मालक नसलेल्या मजुराला मालकाची जागा भरून देणारी संस्था मिळाली. माथाडी मंडळांविषयी आज तक्रारी आहेत. बनावट माथाडींच्या नावाखाली खंडणी चालते, असे उद्योजक सांगतात, आणि त्यात तथ्य आहे. रोग झाला म्हणून झाड कापायचे की फवारणी करायची, हा प्रश्न बागायतदाराला विचारायची गरज नसावी.

हिमाचलला अशी संस्था आज उभी करता येईल, कारण तेथे लेव्हीचा पाया नुकताच तयार झाला आहे. पूर्वीच्या टेलिस्कोपिक खोक्यात थरावर थर चढवून तीस किलोपर्यंत माल भरला जाई आणि बागवानाला दर मात्र पेटीमागे मिळे. २०२४ च्या हंगामापासून राज्य सरकारने सुमारे वीस किलोचे युनिव्हर्सल कार्टन सक्तीचे केले. (बागवानाच्या पेटीचे वजन ठरवायला इतकी वर्षे गेली, किल्ट्याचे वजन ठरवण्याचा विषय अजून कोणी काढलेला नाही.) आता पेटी प्रमाणित आहे आणि बाजार समितीच्या दारात ती मोजता येते. पेटीमागे २ रुपये धरले, तर २ कोटी पेट्यांचे ४ कोटी रुपये होतात. रिकाम्या खोक्याच्या किमतीपुढे ही रक्कम किरकोळ आहे. लहान बागवानाला यात दहा मजुरांची अट भरण्याची गरज नाही, तपासनीस त्याच्या बागेत येण्याची भीती नाही. पैसा बागेतून नव्हे, पेटीतून गोळा होईल.

त्या पैशातून काय करावे, याचा क्रम मात्र चुकता कामा नये. आरोग्य विमा, अपघात मदत हे यथावकाश होईल. पहिला खर्च शोधण्यावर व्हावा. फळ उंचीप्रमाणे पिकते, हे निसर्गाने दिलेले वेळापत्रक आहे. जुलैत खालच्या बागेत पंधरा दिवस काम केलेली टोळी ऑगस्टमध्ये कोटखाई-जुब्बलला, सप्टेंबरमध्ये त्याहून वर आणि अखेरीस किन्नौरला गेली, तर तिला एकाच खेपेत शंभर दिवसांचे काम मिळू शकते. आज टोळीला एका बागेपुरते बोलावले जाते, मधल्या दिवसांची मजुरी बुडते, आणि २०२३ सारख्या पावसात रस्ते बंद पडले की बागवानाचे फळ आणि मजुराचे दिवस दोन्ही वाया जातात. मागणी कोठे किती आणि कधी, हे तालुक्यावार जाहीर करणारी साधी यादी मंडळाने ठेवली, येण्याजाण्याचे भाडे आगाऊ भरले, उचल स्वतः दिली आणि मजुरी थेट खात्यात जमा केली, तर मुकादमाला स्पर्धक निर्माण होईल. शंभर दिवसांची खात्री असेल तर मजूर दर थोडा कमीही घेईल. हे बागवानांनी लक्षात घ्यावे.

नेपाळी मजुराला या यादीत घ्यायला १९५० चा करार आड येत नाही. नोंद ही प्रवेशाची अट केली, तर मात्र येईल, आणि गृहमंत्रालयाच्या हाती दिली तर ती तशीच होईल. म्हणून ती मंडळाने करावी, ऐच्छिक ठेवावी आणि बनबसा सीमेवरच्या बसथांब्यापाशी, आणि येथे सेक्टर ४३ मध्ये, खिडकी उघडून करावी. नाव लिहिणाऱ्याला भाडे आणि उचल तेथेच मिळाली, तर रांग लावण्यासाठी शिपायाची गरज पडणार नाही. शिमल्याच्या बागवान संघटनांनी पुढील हंगामाआधी सरकारकडे मागायचे असेल, तर एवढेच मागावे. खतांचे अनुदान आणि आयात सफरचंदावरचे शुल्क यांच्या मागण्यांच्या लांब यादीत या खिडकीचा उल्लेख अजून एकदाही माझ्या वाचनात आलेला नाही.